टीबीला मालक नसतो

हिंगोली जिल्ह्यात कोळशाची एकही खाण नाही. हळद आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे, औंढ्याचा नागनाथ आहे, नर्सीचा नामदेव आहे आणि वर्षातले सहा महिने कुलूप लागलेली आमची घरं आहेत. मग कोळशाच्या धुळीवर तू कशाला लिहितोस, असं आपल्यातल्याच दोघातिघांनी मला विचारलं. एकजण म्हणाला, गोदीवर कविता दे, काळ्या घामावर दे, भारी जमेल. दिली नाही. ज्याला काळा घाम सुचतो त्याने पहाटे गोदीच्या नळावर उभं राहून कधी खाकरून बघितलेलं नसतं. कोळशाचं जहाज खाली झाल्यावर पुढचे दोन दिवस घशातून जे पडतं ते काळं असतं आणि त्यात कविताबिविता काही नसते.

मी दहावी झालेला माणूस. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गोदीत ठेकेदाराच्या टोळीत आहे. गोदीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या हजेरीला नाव पुकारलं जाणार नाही. परदेशी कोळशाचं जहाज लागलं की वरून क्रेनचा ग्रॅब खाली जातो, घास घेतो, वर येतो. फोटोत छान दिसतं. पण ग्रॅबला जहाजाचे कोपरे साफ करता येत नाहीत. तळाचा, भिंतीला चिकटलेला शेवटचा कोळसा काढायला फाळक्यातून शिडीने माणसं उतरतात, फावडं आणि झाडू घेऊन. त्यातला एक मी. खाली वारा नसतो. झाडू फिरला की समोरचा सोबती दिसेनासा होतो. तोंडाला स्वतःचाच रुमाल.

आता हिंगोली आणि कोळसा. नकाशा काढून बघा, शाळेतला चालेल. कयाधू हिंगोलीतून जाते आणि पैनगंगेला मिळते. पैनगंगा ही आमच्या जिल्ह्याची हद्द, पलीकडे यवतमाळ. तीच पैनगंगा खाली जात जात वणीच्या अंगाने घुग्गुसजवळ वर्धा नदीत पडते. तिथे दोन्ही काठांना कोळसाच कोळसा. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या तिथल्या एका उघड्या खाणीचं नावच पैनगंगा आहे. वरून पाणी जातं त्याच वाटेने माणसंही जातात. ज्याला शेत नाही तो ऊसतोडीला जातो, वीटभट्टीला जातो, खडी क्रशरवर जातो, पुण्यामुंबईच्या बांधकामाला जातो, आणि काहीजण कोळशाच्या डेपोवर, सायडिंगवर, गोदीत. कुठंही जा, धूळ आधी जाऊन बसलेली असते.

आणि यात जात कुठून आली म्हणून विचारणारे लाल मित्र आहेत, त्यांच्यासाठी एक हिशेब. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा दर आहे. ज्याची जमीन खाणीत गेली त्याला कायम नोकरी, पगारपत्रक, कंपनीचा दवाखाना. बरोबर आहे, त्याची जमीन गेली. पण त्याच गावात ज्याच्या बापजाद्याला सातबारा कधी मिळालाच नाही, गावाबाहेरच्या वस्तीत राहून जो दुसऱ्याच्या बांधावर राबला, त्याचं पण गाव गेलं ना? त्याला काय? त्याला ठेकेदार. मातीचे डोंगर उपसायचे, ट्रक भरायचे, सायडिंगवर झाडायचं. म्हणजे शेताच्या वेळी आम्ही भूमिहीन होतो आणि शेत जाऊन खाण झाली तरी भूमिहीनच. धूळ वाटायला कोणी बसलेलं नाही, पण ती वाटली जाते, आणि कुठल्या वस्तीला किती हे सातबाऱ्यावरून सांगता येतं. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन्ही शत्रू एका दमात मोजले होते. आपण कधी एक धरतो, कधी दुसरा. धुळीला दोन्ही लागतात.

रोग काय आहे ते नीट समजून घ्या, कारण तो समजू नये यावरच सगळा धंदा चालला आहे. डोळ्याला दिसते ती धूळ बहुतेक नाकात, घशात अडकते, शिंकेने खोकल्याने बाहेर पडते. खरी वैरीण म्हणजे पाच मायक्रॉनच्या आतली, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. ती डोळ्याला दिसत नाही, थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचते. तिथे शरीराचे पहारेकरी पेशी असतात, त्या ती गिळतात. जंतू गिळला तर पचवतात, कोळसा पचत नाही, दगड पचत नाही. पहारेकरी मरतो, त्याच्या जागी दुसरा येतो, तोही मरतो, आणि त्या मारामारीत आतलं मऊ मांस घट्ट होत जातं, जखमेवर वण उठतो तसं. वण श्वास घेत नाही. आधी एक्सरेवर बारीक ठिपके. माणूस चालतो, बोलतो, काम करतो, त्याला काही कळत नाही. पुढे काहींच्या ठिपक्यांचे गोळे होतात, मग धूळ सोडली तरी रोग वाढत राहतो. डॉक्टरी भाषेत न्यूमोकोनिओसिस. कोळशाबरोबर दगडाची, म्हणजे सिलिकाची, भुकटी असली तर आणखी वाईट. यावर औषध नाही. झालेलं फुफ्फुस कुणी परत देत नाही. म्हणून या रोगात होण्याआधीच काय ते करायचं असतं, आणि तिथेच पैसा लागतो.

आता एक गोष्ट खास गोदीवाल्यांची. बरीच वर्षं डॉक्टर लोक म्हणायचे की कोळसा निरुपद्रवी, दगडाची धूळ तेवढी वाईट. मालकांना ते सोयीचं होतं. खाणीत दगडही फुटतो, कोळसाही फुटतो, कोण कशाने मेला हे वेगळं कसं काढणार? मग १९४० साली वेल्समधल्या कार्डिफला जेथ्रो गॉफ नावाच्या डॉक्टरने मेलेल्या गोदी कामगारांची फुफ्फुसं तपासली. हे लोक ट्रिमर, म्हणजे जहाजाच्या पोटात उतरून फावड्याने कोळसा सारखा करणारे. खाणीत कधी न गेलेले, दगड न फोडलेले. त्यांच्या फुफ्फुसात तोच रोग निघाला. नुसता कोळसाही मारतो हे जगाला कळलं ते गोदी कामगाराच्या मढ्यातून. १९४३ मध्ये ब्रिटनने कोळसा कामगारांच्या या रोगाला भरपाई द्यायचं ठरवलं. मी ज्या शिडीने उतरतो तसल्याच शिडीने उतरणाऱ्या माणसांनी पुरावा दिला, आणि आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी आमचा मुकादम म्हणतो, अरे कोळसा तर दात घासायला वापरायचे, त्याने काय होतंय!

माझा चुलता वणीच्या बाजूला कुठल्याशा कोळसा डेपोवर अकरा वर्षं ठेकेदाराकडे होता. ट्रक भरणे, चाळणे, झाडणे. गावी आला तेव्हा हापशापासून घरापर्यंत घागर आणताना दोनदा बसायचा. दवाखान्यात नेलं. एक्सरे काढला, सावली दिसली, टीबी. थुंकीत जंतू मिळाले नव्हते, तरी टीबी. सहा महिने गोळ्या. फरक नाही. दुसरीकडे नेलं, पुन्हा टीबी, पुन्हा गोळ्या. कुठल्याही टेबलावर कुणी एकदाही विचारलं नाही की बाबा, तू काम कुठं करत होतास? चुलत्याला कळत होतं. तो म्हणायचा, "मला टीबी न्हाई रे, मला खदान झालीय." चाळिशी ओलांडली आणि गेला. कागदावर टीबी. मी त्या डॉक्टरांवर एकट्यांवर चिडत नाही. एका दिवसात शे-दीडशे माणसं तपासणाऱ्याला सावली म्हणजे टीबी हेच शिकवलेलं असतं. धूळ खाल्लेल्या फुफ्फुसाला, खासकरून दगडाची धूळ खाल्लेल्या, टीबी लवकर पकडतो हेही खरं आहे. दोन्ही रोग एका छातीत राहू शकतात. पण मग दोन्ही लिहा!

लिहीत नाहीत. कारण टीबीला मालक नसतो. टीबी हवेतून आला, झोपडीतून आला, तुझ्या विडीतून, तुझ्या दारूतून, तुझ्या घाणेरड्या वस्तीतून आला. सरकार गोळ्या फुकट देतं, वर आरोग्याचं भाषण देतं, मिटलं. न्यूमोकोनिओसिस हा शब्द कागदावर आला की त्याच्यामागून प्रश्न येतात. कुठं काम केलं? किती वर्षं? हजेरीपट कुणाकडे? धूळ मोजली होती का? भरपाई कोण देणार? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात खनिज धुळीने होणारे फुफ्फुसाचे रोग लिहिलेले होते, धुळीबरोबरचा टीबीसुद्धा. १९५२ पासून खाण कायद्याखाली हा रोग कळवलाच पाहिजे असा होता. म्हणजे नावात पैसा आहे. म्हणून नाव दिलं जात नाही. आपल्या लोकांना नावाचं राजकारण शिकवायची गरज नाही, एका विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात १९७८ ला आमची घरं जाळली होती आणि नाव बदलायला १९९४ उजाडलं. रोगाच्या नावासाठी मात्र आजपर्यंत एक मोर्चा निघालेला मी बघितलेला नाही.

खाणीतल्या कायम कामगाराची तरी पाच वर्षांच्या आत एकदा तपासणी व्हावी असा नियम होता. आमची कुठं? ठेकेदार बदलला की आमचा जन्म नव्याने होतो. या जहाजाला एक ठेकेदार, पुढच्याला त्याचाच मेव्हणा. रोग दिसायला दहा-पंधरा-वीस वर्षं लागतात आणि ठेका टिकतो वर्षभर. धूळ हळू चालते, ठेकेदार पळत असतो, त्यांची गाठ कधी पडतच नाही. हा जो फरक आहे ना, तेच त्यांचं भांडवल.

थांबवता येतं का? येतं. यात शोध लावायला उरलेलं नाही. ड्रिलला पाणी जोडायचं, कोरडं भोक मारायचं नाही. जिथे कोळसा फुटतो, पडतो, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जातो, तिथे फवारा. पट्ट्यावर झाकण. भुयारात ताजी हवा पुरेशी खेळवायची. उघड्या खाणीत डंपरच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर दिवसरात्र, साहेब येतो त्या दिवशीच नाही. ट्रकवर ताडपत्री. मशीनवाल्याला बंद केबिन. जहाजात झाडायच्या आधी कोळसा ओला करायचा, आणि झाडूऐवजी ओढून घेणारं यंत्र. आणि धूळ मोजायची. कोळसा खाणीच्या २०१७ च्या नियमांत मर्यादा आहे, घनमीटर हवेत बारीक धूळ दोन मिलिग्रॅम, तीसुद्धा सिलिका पाच टक्क्यांच्या आत असेल तर. त्याआधी तीन होती. दोन मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे तीन-चार दाणे. एवढं सूक्ष्म मोजणारी यंत्रं देशात आहेत, मोजणारे लोक आहेत. मोजलेला आकडा कामगाराला कुठं दिसतो ते सांगा. भावपट्टी गेटवर लागते, जहाजाचं टनेज लागतं, सुरक्षा सप्ताहाचा बॅनर लागतो. धुळीचा आकडा मराठीत, मोठ्या अक्षरात, गेटवर का लागत नाही?

त्याऐवजी आम्हाला काय मिळतं? गूळ. कोळशाच्या कामावर गूळ वाटायची रीत जुनी आहे, धूळ खाली बसते म्हणे. अरे, गूळ अन्ननळीतून पोटात जातो, धूळ श्वासनळीतून फुफ्फुसात, दोघांचा रस्ता गळ्यालाच वेगळा होतो. गूळ खा, गोड आहे, रक्ताला बरा असेल, पण मालकाने फवाऱ्याच्या जागी दिला तर तोंडावर फेकून मारा. तसंच दारूचं. क्वार्टर मारली की छाती धुतली जाते म्हणणारे आमच्यात शंभर आहेत. दारूने छाती धुतली जात नाही, हजेरीचे पैसे धुतले जातात, आणि दवाखान्यात नेल्यावर सगळा दोष दारूवर लिहायची सोय होते. रुमाल? रुमालातून ती बारीक धूळ आरपार जाते. चांगला मास्क असतो, त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण भर उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत आठ तास फावडं मारताना तो तोंडावर ठेवून दाखवा. आधी धूळ मारायची, मग उरलेल्या धुळीसाठी मास्क. आमच्याकडे उलटं. मास्क दिला, सही घेतली, आता तू मेलास तर तू मास्क लावला नाहीस म्हणून मेलास.

युनियनवाल्यांशी माझं भांडण आहे ते इथंच. धुळीचा भत्ता मागू नका. भत्ता मिळाला म्हणजे धूळ विकत घेतली गेली, मग तक्रार कशाची करणार? रोजाला शंभर रुपये जास्त देऊन फुफ्फुस घेणारा सावकार आणि दाण्याच्या बदल्यात शेत लिहून घेणारा गावचा सावकार यांत मला फरक दिसत नाही. मागायचंच तर हे मागा: एक्सरेत पहिले ठिपके दिसले की त्या माणसाला कमी धुळीच्या कामावर हलवा, आणि पगार एक रुपयाही कापू नका. हे स्वप्न नाही. अमेरिकेच्या १९६९ च्या कोळसा खाण कायद्यात ते आहे.

तो कायदा कसा आला तेही ऐका. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं मेली. स्फोटाने मेलेले टीव्हीवर दिसले, धुळीने मेलेले कुणी मोजत नव्हतं. फेब्रुवारी १९६९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे चाळीसेक हजार खाण कामगार काम टाकून बाहेर पडले, पुढाऱ्यांना न विचारता. मागणी पगाराची नव्हती. काळ्या फुफ्फुसाला भरपाई द्या, कायदा नाही तर काम नाही, एवढीच. त्याच वर्षाअखेर देशाचा कायदा झाला. पण मग जरा ढिलाई झाली, पातळ कोळशाबरोबर दगडही जास्त कापायला लागले, आणि २०१८ साली बातमी आली की व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात त्या रोगाच्या शेवटच्या टप्प्यातले ४१६ कामगार सापडले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तर रोग संपला असंच धरून चालले होते. २०१५ मध्ये पुन्हा रोगी सापडला. चौकशी झाली तेव्हा कळलं, एक्सरे काढले जात होते, कपाटात होते, ते नीट वाचलेच जात नव्हते. गोऱ्या, श्रीमंत देशातल्या कायम कामगारांचं हे. आमचा एक्सरे तर काढलाच जात नाही.

आपल्याकडे खाण कामगारांच्या आरोग्यासाठी एक राष्ट्रीय संस्था होती. १९९० मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींपाशी सुरू झाली, नंतर नागपूरला आली, म्हणजे विदर्भाच्या कोळशाच्या उंबऱ्यात. जुलै २०१९ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने ती बरखास्त करून अहमदाबादच्या संस्थेत विलीन करायचं ठरवलं. किती मोर्चे निघाले? आपल्या किती पत्रकांत दोन ओळी आल्या? २१ नोव्हेंबर २०२५ पासून तर १९५२ चा खाण कायदा, १९८६ चा गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा असे कितीतरी नव्या संहितेच्या एकाच पोत्यात गेले. या संहितांविरुद्ध लढायचं ते लढू. पण त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र लिहिलं आहे, ठरवलेल्या कामगारांना वर्षाला फुकट तपासणी लिहिली आहे. ते तरी वसूल करू की नाही? माझ्या टोळीत अजून एकाच्याही हातात नियुक्तीपत्र नाही. राजस्थानात २०१९ मध्ये धोरण झालं: सिलिकोसिसचं प्रमाणपत्र मिळालेल्याला तीन लाख, मेल्यावर घरच्यांना दोन लाख, वर पेन्शन. दगड खाणीतल्या बायाबाप्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला तेव्हा झालं. महाराष्ट्राच्या क्रशरवरची, कोळसा डेपोवरची, गोदीतली माणसं कुणाची आहेत?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत गेले. हापिसात बसून अहवाल मागवला नाही, भुलनबरारीच्या खाणीत खाली उतरले, मजुरांच्या खोल्या बघितल्या. पुढच्याच महिन्याअखेर, जानेवारी १९४४ मध्ये, कोळशावर टनामागे कर बसवून खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. दवाखाना, घर, पाणी त्यातून. जो माल धूळ उडवतो त्याच मालाने पैसे द्यायचे, हा हिशेब त्यात आहे. आपण त्यांचा कोट रंगवतो, टाय रंगवतो, बोट रंगवतो. खाणीत उतरलेल्या बाबासाहेबांचं चित्र मी एकाही जयंतीच्या ट्रकवर बघितलेलं नाही. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती एक्सरे निघतात, मंडळाच्या खजिनदाराने सांगावं.

आणि पँथर म्हणवणाऱ्यांना आणखी एक आठवण. १९७२ ला ज्यांच्यावरून आपण नाव घेतलं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर नुसते बंदूक आणि काळं जॅकेट नव्हते. १९७० पासून त्यांनी आपल्या वस्त्यांत फुकट दवाखाने उघडले, आणि सिकलसेल हा काळ्यांचा रोग म्हणून सरकार बघत नव्हतं तेव्हा रस्त्यावर टेबल टाकून रक्त तपासलं. आपण जॅकेट घेतलं.

तर काम असं आहे. मुंबईपुण्याच्या वाचकांनी, ज्यांच्यात आता नर्स आहेत, लॅबवाले आहेत, चार-दोन एमबीबीएस झालेले आहेत, त्यांनी गावी जाताना एक वही न्यायची. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत, सुरुवात इथून करू, माझी माणसं तिथं आहेत. ज्याने दोनदा टीबीच्या गोळ्या खाऊन फरक पडला नाही, त्याच्या घरी बसायचं. पहिलं काम कुठलं केलं इथपासून विचारायचं, वर्षं लिहायची, ठेकेदाराचं नाव लिहायचं, सोबत कोण होतं ते लिहायचं, कारण मस्टर त्यांच्याकडे असलं तरी साक्षीदार आपल्याकडे आहेत. जुने एक्सरे पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली असतात, ते मागायचे, उजेडात धरून फोटो काढायचा. मग सगळे एकत्र घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जायचं आणि म्हणायचं, कामाचा इतिहास केसपेपरवर लिहा. नाही म्हणाला तर तेही लिहून मागायचं. माझ्या चुलत्याच्या पेटीत तीन एक्सरे आहेत. तिन्हींवर तारीख आहे. वहीत पहिलं नाव त्याचं घातलं आहे, दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.